रेटिंग वाढवून मिळेल

1 मार्च 2024 च्या सकाळी जगभरातले लाखो बुद्धिबळपटू उठले, ते आदल्या दिवशीपेक्षा बलवान होऊन. रात्रीतून कुणी नवं ओपनिंग पाठ केलं नव्हतं, कुणी हत्तीचे एंडगेम घोटले नव्हते. फिडे या जागतिक संघटनेने एक हिशेब लावला होता, एवढंच. ज्याचं रेटिंग 2000 पेक्षा कमी, त्याला 2000 गाठायला जेवढे गुण कमी पडतात त्याच्या चाळीस टक्के भेट. 1000 चा 1400 झाला, 1500 चा 1700. वेतन आयोगाची वाट बघण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हा वेग पाहून भरून आलं असेल. शिवाय इथे आंदोलन नाही, थकबाकी नाही.

फिडेचा हात सढळ होण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. 1987 साली फिडेने जगातल्या स्त्री खेळाडूंना सरसकट शंभर-शंभर गुण वाढवून दिले होते. स्त्रिया आपसातच खेळतात, त्यामुळे त्यांचे आकडे पुरुषांच्या मानाने खाली राहिले आहेत, असा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नव्हता. फक्त एका मुलीला यातून वगळलं. तिचं नाव झुझा पोल्गार. कारण ती पुरुषांशी खेळत असे, म्हणजे तिचा आकडा आधीच खरा होता. अशा रीतीने खरं रेटिंग असलेली एकमेव स्त्री क्रमवारीत पहिल्या नंबरावरून खाली आली.

हा आकडा मुळात काढला कुणी? आर्पाद एलो नावाचे एक सज्जन प्राध्यापक होते. जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेत मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात, विषय भौतिकशास्त्र. स्वतः विस्कॉन्सिन राज्याचे आठ वेळा विजेते, तेव्हा हरण्या-जिंकण्याचा अनुभव पुस्तकी नव्हता. त्यांची पद्धत अमेरिकेने 1960 मध्ये घेतली, फिडेने 1970 मध्ये. कल्पना देखणी आहे. तुमचा आकडा तुमची बुद्धी सांगत नाही, तुमचा आणि समोरच्याचा फरक सांगतो. दोनशे गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत सुमारे शहात्तर गुण मिळवावेत ही अपेक्षा. तेवढे मिळाले तर रेटिंग जागेवर, जास्त मिळाले तर वर, कमी मिळाले तर खाली. बस्स. यात ना वजिराच्या बलिदानाला किंमत, ना पाच तास झुंजून वाचवलेल्या बरोबरीच्या सौंदर्याला. समोरच्याने घोडा फुकट दिला म्हणून जिंकलात तरी गुण तेवढेच.

एलोंना आपल्या मोजपट्टीच्या मर्यादा ठाऊक होत्या. पाण्यावर खालीवर होणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावी, तसं हे काम आहे, अशा अर्थाचं ते स्वतःच बोलून गेले आहेत. पण शोध लावणाऱ्याचं ऐकायची पद्धत आपल्याकडे कुठे आहे?

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ आहेत. मुलगा कितवीत आहे हे सांगायला त्यांना क्षणभर थांबावं लागतं, पण त्याचं रेटिंग ते दशांशासकट सांगतात. जिन्यात भेटले की ‘कसे आहात’ नाही, थेट ‘काल आठ गेले’. सुरुवातीला मला वाटलं, शेअर बाजार. फिडेच्या चाळीस टक्क्यांनी हा माणूस मात्र उद्ध्वस्त झाला. चिरंजीव 1334 वर होते आणि ‘1600 खालील’ स्पर्धांत ट्रॉफ्या आणि पाकिटं जमवण्याचा बेत पक्का ठरला होता. 1334 ला 2000 पर्यंत 666 कमी, त्याचे चाळीस टक्के मिळवा. झाले की हो 1600! आणि 1600 खालील गटातून मुलगा बाद! गुणवत्ता वाढली म्हणून शोक करणारा बाप मी पहिल्यांदा पाहिला.

या ‘खालील’ स्पर्धा हा आपल्याकडचा एक स्वतंत्र उद्योग आहे. 1600 खालील, 1800 खालील, रोख बक्षिसं, हॉलबाहेर सतरंजीवर आया, डब्यात थालीपीठ. बुद्धिबळात वर जाण्यासाठी खेळतात असा माझा समज होता. इथे 1590 वर तग धरून राहण्यासाठी जो संयम लागतो, तो योग्यांनाही साधणार नाही. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेआधी दोन बिनमहत्त्वाच्या स्पर्धांत हरून यायचं, मग राजासारखं खाली उतरायचं. हरण्याची कला शिकवणारा क्लास अजून कुणी काढला नसेल, तर जागा भाड्याने घ्यायला हरकत नाही.

आणि या सगळ्यात मरतो कोण? पेन्शनर. बँकेतून निवृत्त झालेला, चाळीस वर्षं इमाने इतबारे 1700 खेळलेला माणूस पटावर बसतो. समोर खुर्चीवर गुडघे दुमडून उंची वाढवलेलं, कार्टूनची पाण्याची बाटली घेऊन आलेलं आठ वर्षांचं पोर. पोराचं रेटिंग 1500. ते 1500 म्हणजे मागच्या परीक्षेतलं पोर. मधल्या काळात त्याने ऑनलाइन हजारो डाव खेळलेले असतात, त्यांचा फिडेच्या क्लासिकल रेटिंगशी काडीचा संबंध नसतो. प्रत्यक्षात ते 1800 खेळतं, तिसावी चाल होते, काका राजीनामा देतात. एका डावाने आकडा किती हलावा हे ठरवणारा के-फॅक्टर लहान मुलांचा 40, काकांचा 20. म्हणून पोराला तीस गुण मिळतात आणि काकांचे पंधरा जातात. पुढच्या फेरीत तसंच दुसरं पोर. काका मुळीच वाईट खेळलेले नसतात, तरी महिन्याच्या यादीत ते म्हातारे झालेले दिसतात. भारतात अशी पोरं गल्लोगल्ली असल्यामुळे इथले आकडे खरोखरच्या ताकदीपेक्षा खाली बुडाले, युरोपातले पाहुणे इथल्या ओपन स्पर्धांना वचकू लागले. फिडेचे ते चाळीस टक्के हा या बुडीतकर्जावरचा उतारा होता. म्हणजे आधी मोजमाप चुकलं आणि मग चुकीच्या मोजमापाला सरसकट माफी मिळाली. महाराष्ट्राला ही योजना समजावून सांगायची गरज नाही.

उलट्या दिशेनेही जाता येतं. त्यासाठी फक्त आपलं गाव बंद करून घ्यायचं. क्लॉड ब्लडगुड नावाचा अमेरिकन आईच्या खुनाबद्दल व्हर्जिनियाच्या तुरुंगात होता. तिथे त्याने कैद्यांमध्ये बुद्धिबळाची आवड रुजवली, अधिकृत डाव भरवले. नवा कैदी यायचा, रेटिंग मिळवायचा, ब्लडगुडकडून हरायचा आणि त्याचे गुण ब्लडगुडच्या खात्यात जमा व्हायचे. बाहेरचं कुणी येत नाही, आतलं कुणी जात नाही. 1996 मध्ये तो 2700 च्या पुढे, अमेरिकेच्या यादीत चक्क दुसरा! बंद गटात आकडे फुगतात हे आपण अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाला आधीच कळवलं होतं, असं त्याचं म्हणणं. खुनी असला तरी संख्याशास्त्राच्या बाबतीत माणूस प्रामाणिक होता.

रुमानियाच्या अलेक्झांद्रू क्रिशानला एवढेही कष्ट पडले नाहीत. कागदावरच्या स्पर्धांच्या जोरावर तो 2635 ला पोचला, जगातल्या पहिल्या पन्नासांत. मग 2001 मध्ये स्लोव्हेनियातल्या विदमार स्मृती स्पर्धेत खऱ्या माणसांसमोर बसावं लागलं. नऊ डावांत अर्धा गुण. तो अर्धा कुणी दिला, हे मला अजूनही जाणून घ्यायचं आहे.

ही झाली बदमाशी. गंमत सुरू होते ती सगळं नियमात बसवल्यावर. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत रेटिंगवर जागा मिळू लागली आणि जगातले उत्तमोत्तम मेंदू बुद्धिबळ सोडून रेटिंग खेळू लागले. 2022 मध्ये सर्गेई कार्याकिनवर बंदी आली, एक खुर्ची रिकामी झाली. चीनचा डिंग लिरेन आकड्याने पात्र, पण करोनाच्या काळात त्याचे पुरेसे डावच झाले नव्हते, आणि नियमाला तीस हवे होते. चीनने घरच्या घरी स्पर्धा भरवल्या आणि महिनाभरात पंचवीसहून अधिक डाव उरकले. डिंग जगात दुसरा झाला, माद्रिदला गेला, तिथे दुसरा आला, मॅग्नस कार्लसनने गादी सोडली आणि 2023 मध्ये डिंग जगज्जेता! त्याची लायकी वादातीत होती. तरी एक सिंहासन रिकाम्या रकान्यातल्या आकडेमोडीवरून मिळालं, हे मी अर्थखात्यातल्या मित्राला सांगितलं तेव्हा त्याला काहीच नवल वाटलं नाही.

2025 मध्ये हिकारू नाकामुराने याची पुढची आवृत्ती काढली. त्यालाही पुढच्या कँडिडेट्ससाठी चाळीस डावांची अट पुरी करायची होती. मग जगातला दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू लुइझियाना, आयोवा अशा राज्यपातळीवरच्या स्पर्धांत हौशी मंडळींसमोर बसला. तेव्हाचा नियम असा, की फरक नऊशेचा असला तरी चारशेचाच धरायचा. त्यामुळे शाळामास्तराला हरवलं तरी दर विजयामागे 0.8 गुण पदरात. त्या मास्तरांनी मात्र आयुष्यभर पुरेल अशी आठवण फुकटात कमावली. फिडेने ऑक्टोबरपासून 2650 वरच्यांसाठी ती सवलत काढून टाकली. फिडेच्या नियमपुस्तकातलं जवळपास प्रत्येक कलम कुणा ना कुणा हुशार माणसाचं स्मारक आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली. पंधरावं मानांकन. ग्रँडमास्टर व्हायला 2500 रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेतली ग्रँडमास्टरच्या तोडीची कामगिरी तीनदा, लागतात. तिचं रेटिंग 2500 च्या खाली, नॉर्म एकही नाही. तिने दुसऱ्या मानांकित झू जिनरला घरी पाठवलं, द्रोणवल्ली हरिकाला हरवलं, माजी जगज्जेत्या तान झोंगयीला हरवलं आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून चषक घेतला. विजेतीला थेट किताब देण्याची तरतूद असल्यामुळे ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. आकड्याने परवानगी दिलेली नसताना.

मी धावत जाऊन सोसायटीतल्या त्या गृहस्थांना बातमी दिली. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली.

“ते सगळं ठीक आहे हो,” ते म्हणाले, “पण 2500 ला किती कमी पडत होते?”