एकदाच लिहा, सगळीकडे अडका

सर्वप्रथम लायसन्स वाचू नये. सत्यनारायणाला आपण जसे नेमके प्रसादाच्या वेळी पोचतो, तसे इथेही थेट शेवटी जाऊन 'मान्य आहे'वर टिचकी मारावी.

मग साधन निवडावे. फ्लटर उत्तम. फुकट आहे, बीएसडी लायसन्सचे आहे, आणि विंडोजच्या लॅपटॉपवर बसून आयफोनचे अ‍ॅप मजेत लिहिता येते. बिल्ड करायच्या दिवशी कळते की त्याला एक्सकोड लागते, एक्सकोडला मॅकओएस लागते आणि मॅकओएसच्या करारानुसार ती अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालवायची असते. अ‍ॅप स्टोअरचे वर्षाला ९९ डॉलर वेगळेच. हे सगळे ग्राहकाला कोटेशन दिल्यानंतर शोधून काढावे, तशीच रीत आहे.

डेस्कटॉपसाठी क्यूटी घ्यावे. त्याच्या लायसन्सवरून मंडळी १९९७ साली इतकी बिथरली की त्यावर उभ्या असलेल्या केडीई या डेस्कटॉपला पर्याय म्हणून त्यांनी ग्नोम हा अख्खा डेस्कटॉप उभारायला घेतला. तेव्हा तुम्ही एकटे नाही. क्यूटीचा बराचसा भाग आज एलजीपीएलखाली मिळतो. तो स्टॅटिक लिंक करून एकाच एक्झी फाइलमध्ये कोंबावा, दिसायला सुटसुटीत. पण वापरणाऱ्याला ती लायब्ररी बदलून पुन्हा लिंक करता आली पाहिजे, अशी एलजीपीएलची अट आहे. म्हणजे निदान ऑब्जेक्ट फायली तरी द्या. शोभेला क्यूटी चार्ट्सचा एखादा आलेख टाकावा. तो फुकटात हवा तर जीपीएलखाली, म्हणजे ज्याला अ‍ॅप दिले त्याला स्वतःच्या कोडसकट सगळा सोर्स देणे आले. साहेबांना हे डेमो झाल्यावर सांगावे.

जीपीएल आणि अ‍ॅप स्टोअर यांचे सूत जुळेल, अशी आशा बाळगावी. जीपीएलवाले व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर अ‍ॅप जानेवारी २०११मध्ये तिथून उतरले, तेही त्याच्याच एका डेव्हलपरच्या तक्रारीवरून. ते परतले २०१३ साली, लायसन्स बदलून. आणि त्या बदलासाठी जुन्या लेखकांना एकेक करून गाठावे लागले होते.

इतके करूनही कोणी लायसन्स वाचलेच, तर ते बदलते. युनिटी या गेम इंजिनच्या कंपनीने सप्टेंबर २०२३मध्ये जाहीर केले की ठरावीक मर्यादेपुढे गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल तितके पैसे. गेमवाले भडकले, वर्षभराने निर्णय मागे घेतला गेला. तोवर कित्येक जण एमआयटी लायसन्सच्या गोडो इंजिनाकडे वळले होते. अर्धवट झालेल्या गेमचा कोड मात्र नव्या इंजिनात बहुतेक पुन्हा लिहावा लागतो. ग्राहकाला कळवताना याला 'व्हर्जन टू' म्हणावे.