पंधरा शेअरचे मालक

आमच्या हिंगोली जिल्ह्यात मालकी डोळ्यांना दिसावी लागते. शेताचा बांध दिसतो, गोठ्यातली म्हैस दिसते, वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याचं धुराडंही लांबून दिसतं. कारखान्याचा सभासद त्याकडे बोट करून ‘आपला कारखाना’ म्हणतो आणि ते कायद्यानं खरंही असतं. सहकारात भाग एक असो की पन्नास, मत एकच. वर आमसभेत उठून चेअरमनला उसाच्या भावाबद्दल चार शब्द सुनावता येतात. ते सुख कुठल्या लाभांशात मोजणार?

मे २०२२मध्ये एलआयसीचा शेअर विक्रीला आला आणि न दिसणारी मालकी गावोगाव शिरली. पॉलिसी तर घरोघर होतीच. पॉलिसीधारकांसाठी वेगळा कोटा आणि शेअरमागे ६० रुपये सूट! पॉलिसीला पॅन जोडा, डीमॅट खातं उघडा, अशी पळापळ झाली. ९४९चा शेअर ८८९ला, पंधराचा एक लॉट, म्हणजे १३,३३५ रुपये. आमच्या गल्लीतले तात्या त्या दिवसांत ‘आपली एलआयसी’ असं नव्या ठसक्यात म्हणत. एकूण शेअर ६३२ कोटींच्या वर आणि त्यातले साडेशहाण्णव टक्के सरकारकडेच, हा तपशील त्यांना कुणी सांगितला नाही. सांगितला असता तरी ते म्हणाले असते, “असू द्या की, सरकार अन् मी भागीदार!” इथं मात्र माणशी एक मत नसतं, शेअरमागे एक असतं. भागीदारी झाली, पण सुनवायची सोय गेली.

१७ मे रोजी बाजारात शेअर उघडला तो ८६७च्या आसपास, आणि पुढे घसरतच गेला. पहिला लाभांश आला शेअरमागे दीड रुपया. पंधरा शेअरचे साडेबावीस. तात्यांनी त्यात मित्रांना चहा पाजला आणि वरचे पैसे खिशातून घातले. मग एके दिवशी तोटा सोसून शेअर विकूनही टाकले. २०२४च्या सुरुवातीला त्याच शेअरचा भाव हजारावर गेला, तेव्हा गल्लीतल्या कुणीही त्यांच्यासमोर हा विषय काढला नाही. माणुसकी अजून शिल्लक आहे.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हेच तात्या भाव पडला की हळद विकत नाहीत. नऊ महिने रानात, मग उकडणं, वाळवणं, पॉलिश. एवढं झाल्यावर कांडीची पोती घरात थप्पीला लावून माणूस दोन-दोन वर्षं गप्प बसतो. ‘भाव आल्यावर काढू’ हे वाक्य इथं लेकरं बोलायला लागताच शिकतात. २०२३च्या पावसाळ्यात हळद उसळली, तेव्हा अशीच राखलेली पोती बाहेर निघाली. एवढी सबुरी अंगात असलेला माणूस शेअरच्या बाबतीत उतावळा का होतो?

मला वाटतं, दोष मोबाइलचा. हळदीचा भाव मोंढ्यात सौद्याच्या वेळी कळतो. बाकी वेळ पोतं मुकं असतं. शेअर मात्र सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत दर क्षणाला आपली किंमत सांगत राहतो. शेजारी जर रोज शंभर वेळा आपल्या घराची बोली लावू लागला, तर घरसुद्धा विकलं जाईल. खानदेशात अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर तिथल्या ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, ती श्रीमंत झाली. त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक होतं, ते व्हावंच. पण त्या काळी शेअरचा कागद ट्रंकेत असे आणि ट्रंकेवर भाव दिसत नसे, याचंही थोडं श्रेय आहे.

विसरून जाणंही फार झालं तर पंचाईतच. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही, तर शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा होतात आणि ते सोडवायला अर्ज, शपथपत्रं, खेटे. जास्त ठेवलेल्या हळदीलाही कीड लागतेच की.

तात्यांनी आता पुन्हा पंधरा शेअर घेतलेत. कोणत्या कंपनीचे, ते सांगत नाहीत. फॉर्मवर नॉमिनी म्हणून नाव कुणाचं टाकलं, हे तर काकूंनाही सांगत नाहीत. काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलंय.