अस्वलाला हिंग आवडतो का?

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
जूनचा पहिला आठवडा

ती. आई आणि ती. अप्पांस,


परवा आईने फोनवर विचारलं, "घराचं एवढं भाडं भरता आणि वर पैसे देऊन जमिनीवर झोपायला जाता?" तेव्हा समीर शेजारीच बसला होता, म्हणून मी हसून विषय बदलला. आता तो ऑफिसला गेलाय, तर सविस्तर लिहिते.

पैशांचं म्हणशील तर हॉटेलच्या मानाने ते किरकोळच. जागा मिळणं महाकठीण. योसेमिटीच्या दरीत तंबू ठोकायच्या जागांचं बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. तत्काळच्या रांगेत मामा रात्रीपासून उभा राहायचा, तसा समीर पहाटेपासून लॅपटॉप, त्याचा फोन आणि माझा फोन मांडून बसला होता. जागा मिळाल्यावर त्याने जी आरोळी ठोकली, तशी मुलांच्या जन्माच्या वेळीही ठोकली नव्हती. आणि मिळालं काय? मोकळी जमीन, लाकडी टेबल-बाकं, शेकोटीसाठी लोखंडी कडं आणि कडीची एक भलीमोठी लोखंडी पेटी.

या पेटीबद्दल नीट सांगते, कारण आमची सगळी सहल तिच्याभोवतीच फिरली. अस्वलांपासून अन्न वाचवायची ही पेटी. इथल्या अस्वलांना काळी म्हणतात, पण रंगाने बरीचशी तपकिरी असतात. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर दिसतं ते दांडगं ग्रिझली अस्वल शंभरेक वर्षांपूर्वीच इथून नाहीसं झालं, आता ते झेंड्यावरच. काळं अस्वल सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, त्याचा डोळा आपल्या डब्यांवर. गाडीत खाण्याचा वास आला की काच फोडून, दार वाकवून आत शिरतं. म्हणून अंधार पडल्यावर गाडीत खायचं काही ठेवायचं नाही, तंबूत तर दिवसाही नाही. आणि या नियमात वास येणारं सगळं धरतात: टूथपेस्ट, साबण, क्रीम, खरकटी भांडी, कचरासुद्धा.

आता आई, वास येणारं सगळं म्हटल्यावर माझ्या सामानात उरलं काय? गोडा मसाला, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं, मेतकूट, तू पाठवलेलं कुळथाचं पीठ, अमृतांजन, खोबरेल तेल, सगळं पेटीत. समीर म्हणाला, "हिंगाची डबी राहू दे गं, एवढीशी तर आहे." तेवढ्यात फेरीवर आलेल्या रेंजरबाई दिसल्या, त्यांनाच विचारलं. त्यांनी डबी उघडून हुंगली, दोन पावलं मागे सरकल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "पेटीत. कृपा करून पेटीत." त्यानंतर आमचा दिनक्रम ठरला. पेटीतून काढा, शिजवा, खा, पेटीत ठेवा, कडी लावा. आडवं व्हावं तर अर्णवला दात घासायचे आठवणार.

अप्पा, तुमच्यासाठी थोडा इतिहास. मे १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट इथे जॉन म्यूर या निसर्गवेड्या लेखकाबरोबर तीन रात्री उघड्यावर राहिले. ग्लेशियर पॉइंटला रात्री बर्फ पडलं, सकाळी पांघरुणं पांढरी झाली आणि अध्यक्ष बेहद्द खूश! समीर शेकोटीपाशी ही गोष्ट रंगवून सांगत होता, तेव्हा मी विचारलं, "यांचं जेवण कोण करत होतं?" त्याला ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर मी शोधलं. चार्ल्स लेडिग नावाचा रेंजर रांधत होता. तुम्ही शाळेची मुलं घेऊन राजगडावर पद्मावतीच्या देवळात चादर अंथरून झोपायचात, त्या गोष्टी आम्ही तोंडपाठ केल्यात. आईने आदल्या रात्री जागून केलेल्या दशम्या मात्र त्यात कधी आल्या नाहीत. (आई, हा परिच्छेद त्यांना मोठ्याने वाचून दाखव.)

आणि रूझवेल्टच्याही आधीचं एक. या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अहवाहनीची लोकांना १८५१ मध्ये हत्यारबंद तुकडीने हुसकावलं, त्यांनी साठवलेली ओकची फळं जाळून टाकली. उघड्यावर राहणं ज्यांचं रोजचं होतं, ते गेले. हौशी लोक आता नंबर लावून येतात.

हा सगळा अभ्यास नंतरचा, पण मी निघण्यापूर्वीच अट घातली होती: सामान मी भरीन, चूल समीरची. त्याने कुकर लावला. पलीकडच्या तंबूतले आजोबा पहिल्या शिट्टीला ताडकन उठले, दुसरीला जवळ आले आणि अस्वलं पळवायची ही युक्ती नामी आहे म्हणाले. मग वाटीभर खिचडी खाऊन गेले. भांडी नळाखाली घासायची नाहीत, घमेल्यात पाणी न्यायचं आणि खरकटं पाणी ठरलेल्या मोरीतच ओतायचं. हे सगळं समीरने केलं, थंडीत कुडकुडत. दरीची उंची महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच, पण मे अखेरीसही रात्री दात वाजतात. त्यात गादीतली हवा पहाटेपर्यंत गेलेली.

तरी आम्ही राजवाड्यात होतो म्हणायचं. तिथे एल कॅपिटन नावाचा सुमारे ३,००० फुटी सरळसोट कडा आहे. अंधार पडल्यावर खालच्या कुरणातून वर पाहिलं, तर मधोमध दिवे लुकलुकत होते. गिर्यारोहक कड्यालाच टांगलेल्या फळ्यांवर झोपतात. ईराने विचारलं, "त्यांची पेटी कुठाय?" कोणालाच उत्तर देता आलं नाही.

आई, तू काहीही म्हण, मला आवडलं. मुलांच्या फोनला धड रेंज नव्हती, त्यामुळे दोघं आपणहून पत्ते खेळली आणि भांडलीसुद्धा समोरासमोर.

पुढच्या मेमध्ये तुम्ही इथे असाल. अप्पांना विचारायची गरज नाही, ते घोंगडी झटकून तयार असतील. प्रश्न तुझा आहे. एका जागेवर सहा माणसं चालतात आणि आपण बरोबर सहा होतो. मे अखेरीचं बुकिंग १५ जानेवारीला उघडेल, तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ. तुझ्यासाठी तंबू की हॉटेल, ते संक्रांतीच्या आत कळव. कुकर समीरच लावणार आहे.

तुमची,
मीनल