वाटेत लागणारं बँकॉक

कल्याण-माळशेज रस्त्यावरच्या प्रत्येक नाक्यावर एक तरी टार्गेटवाले शेठ असतातच. दुकानात सिमेंट, पत्रे, सळई, पाइप. गल्ल्यामागे कुलदैवताचा फोटो आणि त्याच्या शेजारी परदेशात गॉगल लावून काढलेला स्वतःचा. मुंबईकरांनी मुरबाडच्या डोंगरांत जागा घेऊन फार्महाऊस उठवली, त्यांना सिमेंट लागलं, बॅगांचं टार्गेट पुरं झालं आणि कंपनीने शेठना विमानात बसवलं. आमच्या भागाला विमानप्रवास घडला तो असा.

टोकावड्याचे शेठ याच कुळीतले. टूर ठरली की नाक्यावर खणखणीत सांगतात, ‘सिंगापूरला चाललोय!’ बँकॉकचं नाव घेत नाहीत असं नाही, पण तिथे आवाज खाली येतो. ‘विमान तिकडून जातं. वाटेत लागतं.’ वाटेत लागणाऱ्या गावी तीन रात्री मुक्काम कशाला, हे नाक्यावर कोणी विचारत नाही. वहिनीही विचारत नाहीत. या वेळी तिकीट दोघांचं असूनही भातकापणीमुळे त्या आल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, ‘परत येताना तरी सरळ या.’

त्यांच्या जागी मी गेलो. त्या तीन रात्रींतलं मला काही आठवत नाही, असं वहिनींना सांगून झालेलं आहे. चौथा दिवस मात्र लख्ख आठवतो. बँकॉक सोडून सिंगापूर गाठायचा तो दिवस.

हॉटेलातून निघाल्यावर बसमध्ये टूर मॅनेजरने माइक हातात घेतला. सिंगापुरात 1992 पासून च्युइंगगमवर बंदी आहे. शेठ हसले. सिगारेट एक असली तरी दाखवायची, कर भरायचा. शेठ ओढत नाहीत, पुन्हा हसले. आणि खायची तंबाखू, गुटखा, खैनी यांना तर मनाईच. शेठ हसायचे थांबले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘आमच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळात माल यायचा. जकातीचा दगडी रांजण अजून उभा आहे. जकात घ्यायचे, माल जाऊ द्यायचे. मनाई कसली?’

विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी पासपोर्ट बघितला, शेठकडे बघितलं, शिक्का मारला. झालं. शेठ हलेनात. रात्रभर उत्तरं पाठ केली होती. धंदा काय, मुलं किती, कशासाठी आलात. तलाठ्यापासून पोलीस ठाण्यापर्यंत ज्या माणसाला ‘या शेठ, बसा’ म्हणतात, त्याला एका अख्ख्या देशाने काही न विचारता बाहेर काढलं होतं. मी मागून ढकलल्यावर पुढे सरकले.

पुढे सुवर्णभूमी विमानतळाचं ते प्रसिद्ध समुद्रमंथन दिसलं. वासुकीची दोरी, एकीकडे देव, दुसरीकडे दानव आणि वर साक्षात विष्णू. परदेशात आल्यापासून शेठना प्रथमच ओळखीचं कोणी भेटलं. दुकानांच्या झगमगाटात त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि हात जोडले. उजव्या मोज्यातून तंबाखूची पुडी टपकन विष्णूसमोर पडली. मॅनेजर बाजूलाच उभा होता. समुद्रातून चौदा रत्नं निघाली म्हणतात, हे पंधरावं. मॅनेजरने शेठच्याच हातून ते कचरापेटीत टाकायला लावलं. चुन्याची डबी तेवढी शेठनी परत मागून घेतली.

गेटवर विमानाला वेळ होता, तरी शेठ पहिल्या नंबरला जाऊन उभे. मी म्हटलं, ‘शेठ, सीट नंबर दिलाय.’

‘नंबर दिलाय हो. पण कोणी बसला तर उठवायचं कोणी?’

या प्रश्नाला कल्याण स्टँडवर वाढलेल्या माणसाकडे उत्तर नसतं. मीही जाऊन मागे उभा राहिलो.

सिंगापूरला उतरल्यावर घड्याळ तासभर पुढे करायला सांगितलं. कापलेल्या तासाचं काय, हे शेठनी मॅनेजरला हिशेबनिसाच्या सुरात विचारलं. मग चांगी विमानतळाचं इमिग्रेशन. इथे तर बाईही नव्हत्या. यंत्रावर पासपोर्ट ठेवा, बोटं टेकवा, दार उघडतं. शिक्का नाहीच, ईमेल येतो. शेठ खचले. ‘मग आलो होतो हे टोकावड्यात दाखवायचं कसं?’ कॉफीच्या दुकानात मुलीने कार्ड मागितलं, तेव्हा आतल्या खिशातली नोटांची गड्डी चाचपत त्यांनी तिला सुनावलं, ‘आमचं धसई गाव 2016 लाच कॅशलेस झालं होतं!’ पैसे मी माझ्या कार्डाने भरले.

विमानतळावरच्या ज्युएलमधल्या धबधब्यासमोर मात्र ते बराच वेळ उभे राहिले. छतातून कोसळणारं 40 मीटर पाणी, भोवती झाडी, आणि सगळं एका काचेच्या इमारतीत. मला वाटलं, आता तरी दिपले. पण शेठ धबधबा बघतच नव्हते, धबधब्याभोवतीची माणसं बघत होते. ‘कोणी आत शिरत नाही? शर्ट काढून? आमच्या माळशेजला पावसाळ्यात पोलीस लावावे लागतात!’ कठड्यापाशी माणसं शिस्तीत फोटो काढत होती, शिट्टी वाजवणारा कोणी नव्हता. शेठना हे काही बरं वाटलं नाही. मग धंद्याचा माणूस जागा झाला आणि मोटर किती एचपीची असेल, यावर ते बोलत राहिले.

सामानाच्या ट्रॉल्या गोळा करणारे एक वयस्कर तामीळ गृहस्थ जवळ आले. शेठच्या कपाळाचा टिळा पाहून थांबले. ‘इंडिया? विच प्लेस?’

सकाळपासून पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. अशा वेळी आम्ही सगळे ‘मुंबई’ म्हणतो. शेठ ताठ झाले. ‘टोकावडे!’ आणि गृहस्थ मान हलवताहेत असं दिसताच हिंदीत पत्ता सुरू झाला. कल्याण को उतरने का, स्टँड से माळशेज की गाडी. मुरबाड में म्हसा की तरफ मुडने का नहीं, सीधा सरळगाव, फिर अपना नाका. किसी को भी पूछो, सिमेंटवाला शेठ.

बाहेर बस थांबली होती, मॅनेजर लांबून हात हलवत होता. शेठनी गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘तंबाखू है क्या? चूना मेरे पास है.’