काही न घडण्याचा चाहता

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या आतल्या बाजूला राहणारे एक काका क्रिकेटपटू बापू नाडकर्णींचे भक्त आहेत. ही भक्ती तशी अवघडच. सचिनच्या चाहत्याला षटकार आठवतात, कपिलच्या चाहत्याला उडालेल्या यष्ट्या. काका सांगतात, फलंदाजाने पाय पुढे टाकून चेंडू अडवला. मग पुन्हा अडवला. ऐकणारा जांभई देऊ लागला की म्हणतात, "थांबा हो, अजून एकशे एकोणतीस राहिलेत!"

सलग निर्धाव गेलेले ते १३१ चेंडू पडले मद्रासच्या कसोटीत, १२ जानेवारी १९६४ ला. भारताने ७ बाद ४५७ वर डाव सोडला होता, त्यात एकट्या कुंदरनच्या १९२. इंग्लंडच्या काही खेळाडूंची पोटं बिघडलेली. उरलेल्यांपैकी बोलस आणि बॅरिंग्टन यांनी खेळपट्टीवर मुक्काम ठोकला. समोर डावखुरे फिरकीवाले बापू. सलग २१ षटकं निर्धाव! डावाचा हिशेब ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य. या शेवटच्या आकड्यावर कोणी बोट ठेवलं की काका खवळतात. "बळी काय, कोणीही घेतं!" (कोणीही घेत नाही, पण भक्तापुढे बोलायचं कोणी?)

चेंडूच मोजायचे तर दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफिल्डचे त्याआधीचे १३७ निघतात. तिकडे तेव्हा आठ चेंडूंचं षटक असायचं. हा विषय काकांच्या घरी चहा संपेपर्यंत काढू नये.

नेटमध्ये टप्प्यावर नाणं ठेवायचं आणि चेंडू त्याच्यावरच पाडायचा, हा बापूंचा सराव प्रसिद्ध आहे. अचूक माऱ्याची कदर कॅम्पाला असणारच. तोफखान्याचं स्कूल इथलंच. तोफा धडाडल्या की काचा थरथरतात, पण चहा पिणारा मान वर करत नाही. तर काकांनी एकदा पडवीतल्या शहाबादी फरशीवर रुपया ठेवला आणि नातवाच्या हाती टेनिसचा चेंडू दिला. पहिला चेंडू तुळशीवृंदावनावर आदळला. दुसरा काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांत. तिसऱ्याच्या वेळी रुपयाच जागेवर नव्हता. तो नातवाच्या खिशात गेला होता.

बापूंना नुसतं कंजूष म्हणणं मात्र अन्यायाचं आहे, आणि इथे काकांचं म्हणणं मान्य करावं लागतं. त्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑन आला, तेव्हा बापू दोन्ही डावांत नाबाद राहिले, ५२ आणि १२२. त्याच वर्षी ऑक्टोबरात मद्रासलाच ऑस्ट्रेलियाचे अकरा गडी त्यांनी टिपले; सामना आपण हरलो, तो भाग वेगळा. १९६८ मध्ये वेलिंग्टनला ४३ धावांत ६ बळी घेतले आणि भारताला परदेशातली पहिली मालिका जिंकून देण्यात हातभार लावला. त्या दौऱ्यानंतर त्यांचं कसोटी क्रिकेट थांबलं. ४१ सामने, ८८ बळी, षटकामागे १.६७ धावा. जन्म नाशिकचा, १९३३ चा. म्हणून काका त्यांना घरचाच माणूस धरतात.

न्यू जर्सीतल्या नातीने फोनवर मारियानो रिव्हेराची गोष्ट सांगितली. बेसबॉलमधल्या यँकीज संघाचा हा गोलंदाज शेवटच्या डावापुरता यायचा आणि सामना राखायचा. असे ६५२ सामने राखून २०१३ मध्ये थांबला. आयुष्यभर मुख्यतः एकच चेंडू टाकला, आणि काय येणार हे ठाऊक असूनही समोरच्याला तो मारता येईना. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी त्याला एकूण एक मत पडलं. तसं आधी कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आपल्या बापूंच्याच जातीचा दिसतोय," ते म्हणाले, "पण एका डावापुरता? तेवढ्यात बापूंचा खांदासुद्धा सैल व्हायचा नाही."

आयपीएलमध्ये २०२३ च्या बाद फेरीत प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावायचं ठरलं, तेव्हा काकांनी लगेच कागद ओढला. १३१ गुणिले ५००, म्हणजे पासष्ट हजार पाचशे झाडं, एकट्या बापूंची! एवढी कॅम्पात लावायला मोकळी जागा तोफांच्या रेंजवर तेवढी आहे. तिथे रोप जगायचं नाही, हे काकांनाही मान्य आहे.