अण्णांनी पालीला घर बांधलं

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणाजवळ. मोठ्याने नको, वहिनी मागे डेकवर कपडे वाळत घालतायत.

कोपऱ्यावरच्या वहिनींकडे पाल आलीय, हे तर अख्ख्या एडिसनला ठाऊक आहे. अहो, भिंतीवरची नाही हो, चांगले डॉलर मोजून आणलेली! लेपर्ड गेको. पिवळी, अंगभर काळे ठिपके, वीतभर लांब आणि शेपूट ही एवढी जाड. चरबी साठवते म्हणे त्यात. नाव काय, तर मँगो! हिच्या बोटांना चिकटायची सोय नाही, त्यामुळे काचेवर काही चढत नाही बाई. आणि पापण्या आहेत तिला! आपल्या पालीला कुठे असतात? माझ्याकडे बघून अशी सावकाश डोळे मिटते... मी आपली दारातूनच हाय म्हणते.

डोंबिवलीहून काकू आणि अण्णा आले, तर काकूंना कोणी आधी सांगितलंच नव्हतं. नातू कौतुकाने म्हणाला, "आजी, ही पंधरा-वीस वर्षं जगते." काकूंचा चेहरा काय पडला हो! म्हणाल्या, "म्हणजे माझ्यामागेही हीच राहणार का घरात?" वहिनी लगेच चहा टाकायला पळाल्या.

तर काय सांगत होते... हं, मँगो खाईना. दिवसभर पाण्याच्या वाटीमागे दबून बसायची. व्हेटकडे नेली. तो म्हणाला, आजारी नाही, हिला लपायला जागा नाही. एक प्लास्टिकची कवटी होती हो टाकीत, पण तिला डोळ्यांची भोकं, तोंडाचं भोक, सगळीकडून उजेड. लपणार कुठे? यांचं मूळ अफगाणिस्तान, पाकिस्तान, आपल्या वायव्येकडच्या खडकाळ रानातलं. दिवसा कपारीत शिरायचं, तिन्हीसांजेला बाहेर यायचं. आपल्या महाराष्ट्रातल्या माळांवरही हिची एक चुलत बहीण आहे म्हणे, पण ती रानातच बरी, तिला उचलून घरी आणायची नाही.

हे ऐकलं आणि अण्णा उठले. आल्यापासून नुसते खिडकीत बसून गाड्या मोजत होते बिचारे! म्हणाले, "सूनबाई, थर्माकोल आहे का घरात?" अहो, डोंबिवलीला गणपतीची मखरं करायचे ते. 2018 ला थर्माकोलवर बंदी आली आणि हात रिकामे झाले. इथे टीव्हीच्या खोक्यात एवढे जाड तुकडे बघून डोळेच चमकले त्यांचे. गराजमध्ये दार उघडं टाकून बसले, तापल्या तारेचा धूर होतो ना.

आणि केलं काय? मखर! चार खांब, वर कमान, मधोमध जिना. वहिनी म्हणाल्या, "वा अण्णा!" पण नातवाने टाकीत ठेवून बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "आजोबा, इट्स टू ओपन." अण्णांचा चेहरा... मला तर तिथून निघून जावंसं वाटलं. काकू मात्र खूश! म्हणे, "पालीला कसलं मखर? द्या इकडे, मी बाळकृष्ण ठेवते त्यात."

मग दोघं आजोबा-नातू शेजारी बसले. घर कसं हवं, तर बुटकं. आत शिरल्यावर पाठीला छत लागलं पाहिजे, कुशीला भिंत लागली पाहिजे, दार जेमतेम तिच्यापुरतं. तरच तिला सुरक्षित वाटतं. अण्णांनी सुरीने थर्माकोल ओबडधोबड तासला, ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून त्यावर दाबली, की दगडासारखा खडबडीत. मग टाइल्सचं ग्राउट. पहिला हात धिरड्याच्या पिठाइतका पातळ, भेगाभेगांत गेला पाहिजे, पुढचे जरा घट्ट. प्रत्येक हात पुरता वाळेपर्यंत थांबायचं. कोरडं ग्राउट कालवताना तोंडाला मास्क, नाहीतर धूळ छातीत जाते. वहिनींचा केकला लोणी लावायचा ब्रश त्यातच गेला, अजून शोधतायत. तुम्ही बोलू नका हं.

रंगावरून तर भांडणच! अण्णांना सह्याद्रीचा काळा कातळ हवा, नातू म्हणे, मँगोच्या गावचा दगड पिवळट असतो. शेवटी मातकट पिवळा झाला. त्यावर काळपट तपकिरी ॲक्रिलिक अगदी पाणचट करून फासला आणि लगेच फडक्याने पुसला. वरचा गेला, भेगांतला राहिला. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग. शप्पथ सांगते, मी उचलायला गेले तर दोन्ही हात लावले, आणि निघाला कापसासारखा हलका! हलका हेच बरं म्हणे, खरा दगड कलंडला तर जनावर चेंगरायचं.

एक गंमत राहिलीच. खालची बाजू कोण बघतंय म्हणून ग्राउट न लावता सोडलेली. मँगोच्या जेवणाचे मीलवर्म तिथेच घुसले आणि थर्माकोल कुरतडायला लागले! खरंच खातात हो ते, स्टॅनफर्डवाल्यांनी 2015 मध्ये दाखवलं होतं. टाकीभर पांढरा भुगा. तो तिच्या पोटात गेला तर? सगळं बाहेर काढलं, खालूनही ग्राउट.

आता तीन घरं आहेत बाईसाहेबांना! एक उबेच्या बाजूला, तिथे 32 डिग्रीच्या आसपास, थर्मोस्टॅट लावून. त्याला तळच ठेवला नाही, थर्माकोल खालची ऊब अडवतो ना. एक गार बाजूला. आणि तिसरं ओलं, कात टाकायला. त्याच्या पोटात काय दडवलंय, सांगा बघू? श्रीखंडाचा डबा! बाजूला भोक, कड घासून गुळगुळीत, आत ओलसर मॉस. ओल नसेल तर कात बोटांना अडकते आणि बोटंच झडतात हो. मँगोने परवा त्यातच कात टाकली आणि टाकली तशी खाऊनही टाकली, शी! पण काकू खुर्ची ओढून बघत होत्या. हो, काकू! म्हणाल्या, "आज हिला दोन अळ्या जास्त घाला."

आता पलीकडच्या गल्लीतल्या दोन मुलांच्या मम्म्यांनी ऑर्डर दिलीय. अण्णा पैसे घेत नाहीत, थर्माकोल तेवढा आणून द्या म्हणतात.

तर तुमचा नवा फ्रिज शनिवारी येतोय ना? त्यातलं पॅकिंग फेकू नका हं. मी अण्णांना शब्द देऊन बसलेय.