एकघड्याळव्रत

मालवणच्या मेढ्यात राहणाऱ्या, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आणि साऱ्या आळीने 'अण्णा' या दोन अक्षरांखाली ज्यांचे आडनाव केव्हाच पुरून टाकले आहे अशा एका गृहस्थांस, गेल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास, यापुढे आपल्याला एकच घड्याळ पुरेल असा साक्षात्कार झाला. आणि तो त्यांनी मला सांगितला त्या वेळी त्यांच्या डाव्या मनगटावर एक, उजव्या मनगटावर एक आणि बंडीच्या खिशात साखळीसकट एक, अशी तीन घड्याळे तीन निरनिराळ्या वेळा दाखवीत होती.

घड्याळे जमविणारा मनुष्य म्हणजे कोणी धनाढ्य असावा, असा लोकांचा समज असतो. अण्णांच्या चौदा घड्याळांची एकत्रित किंमत एका बऱ्यापैकी सुरमईच्या वर फारशी जाणार नाही. ती राहतात माजघरातील फडताळात, उकड्या तांदळाने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात. कारण खाऱ्या हवेने जिथे खिडकीचे गज पावसाळ्यागणिक सुकत जातात, तिथे केसासारख्या स्प्रिंगेची कथा ती काय, आणि तांदूळ दमटपणा शोषून घेतो हे शास्त्र अण्णांस मान्य आहे. वहिनींना ते मान्य नाही. एके दिवशी पेजेसाठी माप घालताना तांदळाबरोबर चामड्याचा पट्टा वर आला, तेव्हा त्यांनी माजघरातूनच विचारले होते, "मी तांदूळ निवडू की घड्याळां?" या प्रश्नाचा निकाल अद्याप लागलेला नाही, प्रकरण तहकूब आहे.

अण्णांस एखादे घड्याळ कमी करा म्हणावे, तर ते प्रत्येकाची कैफियत इतकी साधार मांडतात, की ऐकणाऱ्याला आपणच अन्याय करीत आहोत असे वाटू लागावे. त्यांतील एक वेस्ट एंड कंपनीचे 'सोवार प्रायमा' आहे. 'सोवार' म्हणजे आपलाच 'स्वार', एवढा व्युत्पत्तिविचार झाल्यावर पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची मोहीम सुरू होते, कारण तिकडे मराठा पलटणी लढल्या होत्या आणि त्या कंपनीची घड्याळे फौजेत लोकप्रिय होती. हे विशिष्ट घड्याळ बगदादपर्यंत गेले होते की सावंतवाडीच्या बाजारापुढे कधी गेलेच नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झालेले नाही. दुसरे ३९ मिनिटे मागे चालते, आणि तो दोष नसून इतिहास आहे. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली तरी मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, आणि अण्णांच्या तीर्थरूपांनी याच जुन्या वेळेवर मुंबईची आगबोट गाठण्यात हयात घालविली. सबब ते घड्याळ तसेच चालले पाहिजे. तिसरे सुमारे ३६ मिनिटे मागे आहे, कारण प्रमाणवेळ ठरते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आणि मालवण पडले साडेत्र्याहत्तरच्या आसपास. तेव्हा मालवणच्या आकाशातील सूर्याला अलाहाबादकडच्या सूर्याचा हुकूम का लागू व्हावा, असा त्यांचा स्वच्छ सवाल आहे. सारांश, त्यांच्याकडील कोणतेही घड्याळ चुकत नाही. प्रत्येक घड्याळ निराळ्या कायद्याखाली बरोबर असते.

याच गावात दुसरी एक जात आहे, जिच्यापाशी घड्याळ नसते आणि वेळ मात्र असते. थंडीच्या दिवसांत आम्ही दोघे किनाऱ्यावर रापण ओढताना पाहत उभे होतो, आणि भरती कधी, असे मी एका वृद्ध रापणकारास विचारले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. त्याने दोरावरचा हातही न काढता सांगितले, "आज पंचमी. पावणेचाराक भरती." अण्णांनी तत्काळ तिन्ही घड्याळांची रुजुवात सुरू केली. समुद्र सांगितल्याप्रमाणे पावणेचारला आला. तो अण्णांच्या कोणत्या घड्याळाप्रमाणे आला, याबद्दल आमच्यात अजून दुमत आहे.

तर असे हे अण्णा एका घड्याळावर यावयास निघाले. प्रभू रामचंद्रांस एक वचन, एक बाण आणि एक पत्नी पुरली, हा दाखला त्यांनी स्वतःच दिला. निवड केली ती एच. एम. टी.च्या 'जनता'ची. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळुरास सरकारी कारखान्यात घड्याळे होऊ लागली, आणि त्यांतील ही साधी, चावीची, पांढऱ्या तबकडीची 'जनता' शाळामास्तरांपासून स्टेशनमास्तरांपर्यंत असंख्य मनगटांवर नांदली. २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. वारस नसलेल्या घड्याळाकडे आपण पाहिले पाहिजे, असे अण्णांचे म्हणणे पडले.

उरलेल्या तेरांची त्यांनी फेरिस्त केली, अनुक्रमांक घातले, आणि पुतणे, भाचे, आचऱ्याची बहीण, कुडाळचे जावई अशा तेरा ठिकाणी ती पोच घेऊन वाटून टाकली. वहिनींनी त्या दिवशी डब्यातले तांदूळ निर्धास्तपणे ओतून घेतले. मीही मनातल्या मनात अण्णांस नमस्कार केला, आणि तो फार लवकर केला असे मला आठ दिवसांतच कळून आले.

कारण आठव्या दिवशी सकाळी सातच्या आत त्यांचा एक पुतण्या माझ्या पडवीत येऊन बसला. अण्णा रोज पहाटे येतात, दारातूनच "चावी दिलीस काय रे?" असे विचारतात, दिली म्हटले तरी घड्याळ कानाशी धरून स्वतः खात्री करून घेतात, चहाला थांबत नाहीत, आणि पुढच्या घरी जातात. धुरीवाड्यातली दोन, देऊळवाड्यातली तीन आणि भरडावरचे एक अशी फेरी पुरी झाल्यावर ते एस. टी. स्टँड गाठतात, आचरे आणि कुडाळ आठवड्याच्या पाळीने होतात. कचेरीत असताना दप्तरतपासणीचा दौरा ते असाच करीत. फरक इतकाच, की तेव्हा प्रवासभत्ता मिळे.

मला प्रथम हसू आले. नंतर आले नाही. छत्तीस वर्षे ज्यांच्या सहीवाचून सात-बाराचा कागद हलत नसे, त्यांच्या सहीची आता दूधवाल्यालासुद्धा गरज उरलेली नाही. चावी न दिल्यास दुसऱ्या दिवशी बंद पडणारी वस्तू म्हणजे आपल्या हुकमाची रोज वाट पाहणारी वस्तू होय, आणि अशी एकच वस्तू असली तर तिचे काम अर्ध्या मिनिटात आटोपते. पुढे उभा दिवस उरतो.

गेल्या गुरुवारी पाहिले, तेव्हा मनगटावर 'जनता' एकटीच होती. व्रत अक्षरशः पाळले जात आहे. डब्यात मात्र पुन्हा तांदूळ भरले आहेत. आपल्यापैकी कोणी मालवणास आलेच, आणि मेढ्याच्या वाटेवर छत्री घेतलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी "वाजले किती हो?" असे विचारले, तर वेळ जरूर सांगावी. मात्र शर्टाची बाही खाली ओढून सांगावी.